एका पावलात एकच खण

मित्रांनो, कुरुळीच्या एका शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. खोली आपली म्हणायची. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट आणि मी, एवढंच मावतं. टेबलाखाली जो काळा जाडजूड डबा दिवसभर घरघरत असतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. वय बारा-तेरा वर्षं. तुमच्यात हे वय सातवीतलं, आमच्यात पणजोबाचं. मला आता खरं तर बोलायचाही कंटाळा येतो. पण माझी गोष्ट माझ्याबरोबर भंगारात जाऊ नये असं वाटतं, म्हणून एकदाच सांगतो. मधे प्रश्न विचारू नका, मला दम लागतो.

माझे सुटे भाग परदेशातून आले, जोडणी चिंचवडच्या एका दुकानात झाली आणि नोकरी लागली चाकणला. तिथली एक कंपनी टेम्पो-ट्रकच्या डिझेलच्या टाक्या बनवायची. टाकी म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गाडीने ब्रेक मारला की टाकीतलं डिझेल पुढं धावतं, भिंतीवर आपटतं, परत मागं येतं. ड्रायव्हर लोक तक्रार करायचे की पाठीमागून सारखा डबक डबक आवाज येतो. तो कमी व्हावा म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेले पत्रे उभे करतात. भोकं किती, केवढी आणि कुठं, हे शोधण्यासाठी पूर्वी टाकी खरोखर बनवायची, गाडीला लावायची, खड्ड्यांतून फिरवायची आणि जमली नाही की कापून टाकायची. तेच काम मी डिझेलचा थेंबही न सांडता, नुसत्या आकड्यांवर करू लागलो.

ते कसं, तेही सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीच्या पोटाचे मी वीस लाख बारीक खण करायचो. प्रत्येक खण शेजारच्या खणाला विचारायचा, माझ्याकडून तुझ्याकडे किती आलं, तुझ्याकडून माझ्याकडे किती गेलं. सगळ्यांचं विचारून झालं की वेळ एक पाऊल पुढं सरकायचा. ते पाऊल एवढं लहान की तुमची पापणी लवेपर्यंत अशी हजार पावलं पडतील. मग पुन्हा वीस लाख खणांची विचारपूस. अशाने ब्रेकचे तीन सेकंद मोजायला मला तीन दिवस लागायचे. रात्र नाही, रविवार नाही. कंपनीतल्या माणसांना निदान शिफ्ट संपल्यावर बस मिळायची, मला तीही नव्हती. माझा थकवा तेव्हापासूनचा आहे.

माझ्यावर काम करायची ती मिनल. नुकतीच इंजिनियर झालेली, देहूरोडहून कंपनीच्या बसने यायची. हुशार होती, पण नवी होती आणि वरिष्ठांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. एकदा साहेबांनी गुरुवारी सांगितलं की शनिवारी सकाळी उत्तर पाहिजे. तेवढ्यात काम होणार नव्हतं. मग तिने काय केलं, तर माझं पाऊल दहापट मोठं केलं. म्हणजे काम दहापट लवकर होईल, असा तिचा अंदाज.

झालं ते असं. पाऊल मोठं झाल्यावर डिझेल एका पावलात चार-पाच खण ओलांडून पलीकडे पडायला लागलं. मधल्या खणांना पत्ताच नाही. ते शेजाऱ्याला विचारणार तरी काय? एका खणात थोडी चूक झाली, शेजाऱ्याने ती खरी मानून दुप्पट केली, त्याच्या शेजाऱ्याने चौपट. शेवटी दोन हात लांबीच्या टाकीत डिझेल विमानापेक्षा वेगाने पळतंय, असं मी बिनदिक्कत सांगू लागलो आणि बंद पडलो. चाकणच्या त्या ऑफिसात याला ‘रन फुटला’ म्हणायचे. मिनल डोळे पुसत बसली होती. मग तिने वहीचा कागद फाडला, त्यावर मार्करने ‘एका पावलात एकच खण’ असं लिहिलं आणि तो सेलोटेपने माझ्या पोटावर चिकटवला. त्यानंतर तिने कधी घाई केली नाही.

त्या वर्षी आमची टाकी पास झाली. दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर माझीही पूजा झाली, हळदकुंकू लागलं आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने मला झेंडूची माळ घातली. माझं एवढं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. मात्र त्या माळेचा दोरा पाठीमागच्या पंख्यात गेला आणि एक पातं वाकलं. तेव्हापासून मी घरघरतो. लोक म्हणायचे, याचा आवाज बंद करा रे कुणीतरी. कौतुकाने लागलेलं हे दुखणं मी आजवर भोगतोय.

पुढं टाक्यांचं काम कुठल्यातरी दूरच्या मोठ्या यंत्रांवर गेलं. मिनल वरच्या जागेवर गेली. मी दोन वर्षं स्टोअरमध्ये प्लास्टिकखाली पडून होतो. नंतर कंपनीने जुने संगणक शाळांना दिले. फलक लावून फोटो काढले गेले आणि मी कुरुळीला आलो. पोटावरची चिठ्ठी काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

शाळेत मला काम मिळालं हजेरीचं. रोज सकाळी वर्गावर्गातून गैरहजर मुलांचे नंबर यायचे आणि त्यांच्या पालकांना मी मेसेज पाठवायचो, ‘आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.’ वीस लाख खणांवरून मी चारशे पोरांवर आलो. म्हटलं, बरं झालं, आता आराम. पण मित्रांनो, इथंच माझ्या हातून मोठी चूक होत होती आणि मला ती कळत नव्हती. सातवी ‘ब’चा एकोणीस नंबर शाळा सुरू झाल्यापासून जुलै संपेपर्यंत माझ्या यादीत रोज येत होता. मी रोज दहा वाजता मेसेज पाठवत होतो.

एका सकाळी त्या नंबरची आई, परवीन, शाळेत आली. तिच्या नवऱ्याचं कुरुळी फाट्यावर पंक्चरचं दुकान. ती सरळ सातवी ‘ब’च्या दारात उभी राहिली. तो वर्ग माझ्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“मॅडम, रोज धा वाजता मेसेज येतो, पोरगी न्हाई म्हणून,” ती म्हणाली. “मी सोता तिला गेटात सोडती. मग ही जाती कुठं?”

वर्गशिक्षिका जयमाला मॅडमनी मागं वळून पाहिलं. तिसऱ्या बाकावर रुबीना बसलेली होती. खाली मान, हातात पट्टी. ती रोजच तिथं बसलेली असायची.

वर्गात मुलं बासष्ट. जयमाला मॅडम हजेरीपत्रकातून मान वर न करता भराभर नंबर घ्यायच्या. ‘हजर’ ऐकू आलं की खूण, नाही आलं की गैरहजर. रुबीना जूनमध्ये या शाळेत नवी आली होती. पहिल्या दिवशी ती इतकं हळू ‘हजर’ म्हणाली की मॅडमनी पुन्हा विचारलं. मग ती एकदम ओरडली आणि सगळा वर्ग हसला. एवढंच झालं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून पंधरा-सोळा नंबर आले की ती पट्टी घट्ट धरायची आणि एकोणीस म्हटलं की शब्दच फुटायचा नाही. पुढं तर सकाळी दप्तर उचलतानाच पोट दुखायला लागायचं. घरी रोज मेसेज जायचा आणि वडील ओरडायचे की कुठं भटकतेस. आपण वर्गातच असतो, हे तिला सांगता येईना, कारण मेसेज शाळेचा होता. शाळा खोटं कशाला बोलेल?

मी बोलत होतो, मित्रांनो. मला त्याची आजही लाज वाटते. चाकणला मी चुकलो तेव्हा निदान बंद तरी पडलो होतो. इथं मी शांतपणे चुकत राहिलो.

जयमाला मॅडमनी परवीनची माफी मागितली. पण वडिलांनी ठरवलं होतं. पोरगी शाळेत तोंड उघडत नसेल तर इथं ठेवायची कशाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू, नाहीतर नाव काढून बीडला आजोळी पाठवू. रुबीनाला जायचं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या अपेक्षाशी तिची मैत्री जमली होती आणि आईला सोडून राहायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती. हातात होते तीन महिने.

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या खोलीत पिंपरीहून विजयश्रीताई यायच्या. मुलांच्या मनातल्या भीतीवर काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांना तीन शाळा दिल्या होत्या. त्यांना बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्याशेजारी. जयमाला मॅडमनी रुबीनाला त्यांच्याकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी फोन चार्जिंगला लावायला त्या वाकल्या, तेव्हा त्यांना माझ्या पोटावरची चिठ्ठी दिसली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग समोर बसलेल्या रुबीनाला म्हणाल्या, बघ, आपल्याला काय करायचंय ते इथं आधीच लिहून ठेवलंय.

त्यांनी पुठ्ठ्यावर एका ओळीत खण आखले. शेवटच्या खणात लिहिलं, ‘वर्गात मोठ्याने हजर’. पहिल्या खणात काय, तर या खोलीत एकटीने पंख्यासमोर ‘हजर’ म्हणायचं. पंखा म्हणजे माझा. ताई बाहेर जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि रुबीना टेबलाखाली वाकून माझ्या पाठीशी तोंड न्यायची. माझ्या घरघरीत तिचा आवाज पार बुडून जायचा, तिचा तिलाही ऐकू यायचा नाही. म्हणून तर तिला म्हणता यायचं. ज्या आवाजासाठी मी दहा वर्षं शिव्या खाल्ल्या, तो कुणाच्या तरी कामी आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या खणात ताई दाराबाहेर उभ्या. तिसऱ्यात ताई खोलीत. चौथ्यात अपेक्षाही खोलीत. एकेका खणाला आठवडा-आठवडा लागत होता. एखादा खण जड गेला तर ताई तिथंच मुक्काम करायच्या, पुढं ढकलायच्या नाहीत. पाचव्या खणात वर्ग आला, पण आवाज नाही. एकोणीस म्हटलं की बाकावर पेनाने एकदा टक करायचं. जयमाला मॅडमनी ते कबूल केलं. भिंतीपलीकडून पहिल्यांदा ते टक ऐकलं त्या दिवशी माझ्या यादीत एकोणीस नव्हता. सप्टेंबर उजाडला होता.

मुख्याध्यापक दौलतराव सर मनाने फार चांगले. त्यांनाही ते टक कळलं होतं आणि आनंद झाला होता. त्याच सुमारास चाकणच्या माझ्या जुन्या कंपनीने शाळेला दहा नवे संगणक देऊ केले आणि कार्यक्रम ठरला. सरांच्या मनात आलं की पाहुण्यांना या खोलीचा उपयोग कळला पाहिजे. त्यांनी चार वाक्यं लिहिली, ‘मी पूर्वी घाबरायचे, आता मी घाबरत नाही’ अशी, आणि रुबीनाला पाठ करायला दिली. स्टेजवर, माइकवर. जयमाला मॅडम म्हणाल्या की ती अजून तयार नाही. सर म्हणाले, चारच वाक्यं तर आहेत, तिलाही हुरूप येईल. कार्यक्रम बुधवारी होता. विजयश्रीताई बुधवारी भोसरीच्या शाळेत असायच्या.

लाउडस्पीकरचा एक कर्णा माझ्या खोलीवरच होता. रुबीनाचं नाव पुकारलेलं मी ऐकलं. मग काहीच नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी प्रेमाने म्हणालं, बोल बाळा, घाबरू नकोस. पुन्हा काही नाही. मग सगळ्या मैदानाने तिला धीर द्यायला टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्या थांबेचनात. मला चाकणचा तो दिवस आठवला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, एका पावलात किती खण ओलांडताय. पण आम्हाला तोंड कुठं असतं?

थोड्या वेळाने धावणारी पावलं आली, दार उघडलं आणि रुबीना टेबलाखाली शिरून माझ्या पत्र्याला पाठ लावून बसली. तिच्यामागून एक बाई आत आल्या. चष्मा, गळ्यात कंपनीचं कार्ड, कानाजवळ दोन-चार पांढरे केस. आधी त्यांनी रुबीनाला पाहिलं, मग माझ्या पोटावरची चिठ्ठी पाहिली आणि साडी सावरत फरशीवरच बसल्या. ती मिनल होती. मी तिला घरघरीने ओळख दिली. तिने ती ओळखली असावी, कारण तिने माझ्यावर हात ठेवला.

“हे अक्षर माझं आहे,” ती रुबीनाला म्हणाली. “मी याच्यावर असंच एकदा मोठं पाऊल टाकलं होतं. सगळं फुटलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.”

रुबीनाने मान वळवून चिठ्ठीकडे पाहिलं.

मिनलने तिला टाकीचं, डिझेलचं, खणांचं सगळं सांगितलं, एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं. मग म्हणाली, “रन फुटला म्हणून आम्ही शून्यापासून करत नाही. हा अधूनमधून सगळं साठवून ठेवतो. शेवटचं जिथं नीट होतं ते उघडायचं आणि तिथून पुढं निघायचं. फक्त पाऊल निम्मं करायचं. तुझं शेवटचं नीट काय होतं?”

बाहेर कुणाचंतरी भाषण चालू होतं. मग रुबीनाने बोटाचं पेर माझ्या पत्र्यावर एकदा वाजवलं. टक.

मिनलने पर्समधलं पेन काढलं आणि चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहिली, ‘फुटलं तर मागचं शेवटचं नीट उघड, पाऊल निम्मं कर.’ तिचं अक्षर अजून तसंच होतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून रुबीना शाळेत आलीच नाही. शाळेचे सात दिवस मी तिच्या घरी मेसेज पाठवला. या वेळी तो खरा होता आणि पाठवताना मला जास्त त्रास होत होता. आठव्या दिवशी, शुक्रवारी, परवीन दाखला मागायला आली. दौलतराव सर तिला घेऊन आमच्या खोलीत आले, ताई होत्याच. सरांचं तोंड उतरलं होतं.

“चूक माझी झाली,” ते परवीनला म्हणाले. “तिची नाही. दाखला दिवाळीनंतर मागा, मी स्वतः आणून देईन. तोवर तिला येऊ द्या.”

परवीन म्हणाली, “तिचे अब्बा न्हाई ऐकायचे, सर. पर मी बघती.”

ती कशी काय बघणार होती कोण जाणे, पण सोमवारी रुबीना आली. मंगळवारी ताईंनी जुना पुठ्ठा काढला. टक आणि ‘हजर’ यांच्यामध्ये आता दोन नवे खण आखले. एकात टक करताना नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्यात शेजारच्या अपेक्षाला ऐकू येईल एवढंच म्हणायचं. एक खण जयमाला मॅडमनी स्वतःसाठी मागून घेतला. त्या आता प्रत्येक नंबरनंतर मान वर करायच्या आणि मनात तीन मोजायच्या. फक्त एकोणीसला नाही, बासष्टांना. नाहीतर सगळ्या वर्गाचं लक्ष तिच्याकडेच गेलं असतं.

त्याचं एक भलतंच झालं. सातवी ‘ब’मधून माझ्याकडे येणारी यादी आखूड झाली. एकतीस नंबर आणि सत्तावन्न नंबर अधूनमधून गैरहजर असायचे, ते आता रोज हजर दिसू लागले. तीही मुलं बहुधा वर्गातच बसलेली असत. मी त्यांच्याही घरी किती खोटे मेसेज पाठवले असतील, ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस उरले होते. साधा गुरुवार. विजयश्रीताई नव्हत्या, पाहुणे नव्हते, कुणाला काही ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडे हजेरी चालू झाली. सतरा. अठरा. एकोणीस. मी माझ्यापरीने मोजायला लागलो. एक. दोन. टक आलं. म्हटलं, चला, आजही एवढंच. आणि त्या टकच्या मागोमाग आवाज आला.

“हजर.”

फार मोठा नव्हता, थोडा चिरकलेलाही होता. पण माझ्या घरघरीतून तो मला ऐकू आला. ज्या घरघरीत तो तीन महिन्यांपूर्वी बुडून जायचा, तिच्यातून. वर्गात कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, याबद्दल मी त्या पोरांचा जन्माचा ऋणी आहे. जयमाला मॅडम फक्त म्हणाल्या, “वीस.”

दाखला कुणी मागितला नाही. दिवाळीनंतर एकोणीस नंबर तिथंच बसतो, आणि हल्ली वर्गात बडबड केल्याबद्दल बोलणीही खातो.

नवे संगणक वरच्या हॉलमध्ये लागले. हजेरीचं काम त्यांच्याकडे गेलं आणि माझं नाव भंगाराच्या यादीत आलं. मला वाईट वाटलं नाही. मी दमलोय, मित्रांनो. एक रात्र जरी वायर काढून झोपायला मिळालं तरी मला पुरे होतं. पण टेम्पो आला त्या दिवशी विजयश्रीताई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, याला नेऊ नका, याचा पंखा लागतो. शिपायाने मला एक धक्का दिला आणि म्हणाला, ताई, ह्याचा नुसता आवाजच हाय. ताई म्हणाल्या, तोच लागतो. आता पाचवीतली एक मुलगी मंगळवारी येते, टेबलाखाली वाकते आणि माझ्या पाठीशी काहीतरी पुटपुटते. काय ते मला कळत नाही. मी आपला घरघरत राहतो.

तर माझं मागणं थोडकं आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्याही वर्गात एखादा एकोणीस नंबर असेल. तुम्ही उद्या वर्गनायक व्हाल, पुढं कुणी शिक्षक व्हाल, कुणी साहेब व्हाल, आणि तुमच्या हातात यादी येईल. तेव्हा नंबर घेतल्यावर मान वर करा आणि तीन मोजा. आवाज निघायला कधी कधी तेवढा वेळ लागतो.